गावाची वही गावातच असावी

(कृषी अधिकारी, मोडनिंब, ता. माढा, जि. सोलापूर)



सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला आलेल्या महापुराने माढा तालुक्यातील नदीकाठच्या अनेक गावांची दैना केली. पाणी ओसरल्यावर नुकसानीची पाहणी करीत असता एका डाळिंब बागायतदाराची भेट झाली. बागेत गुडघाभर गाळ साचला होता व नदीकाठची मोटार वाहून गेली होती. तथापि त्या गृहस्थांच्या बोलण्यात वारंवार येत होता तो त्यांचा पुरात गेलेला मोबाईल. "साहेब, बाग पुन्हा उभी करीन, पण माझा सगळा हिशेब त्यात होता," असे ते म्हणाले. फवारणीच्या नोंदी, खतांच्या पावत्यांची छायाचित्रे, परगावच्या व्यापाऱ्यांचे क्रमांक आणि कोणाकडून किती येणे आहे त्याची यादी, असे सर्व काही त्या एका यंत्रात होते. नवा मोबाईल आला, जुना क्रमांकही काही दिवसांनी परत मिळाला. परंतु ज्या खात्यात नोंदी ठेवल्या होत्या त्याचा परवलीचा शब्द पुतण्याने घातलेला, आणि तो त्यालाही आठवेना. खाते उघडले नाही ते नाहीच.

या प्रसंगात विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, तलाठ्याकडे काम अडले तर तहसीलदाराकडे जाता येते. सोसायटीच्या सचिवाने ऐकले नाही तर सहायक निबंधकाकडे अर्ज करता येतो. येथे मात्र जावे कोठे? खिडकी नाही, कचेरी नाही, ऐकून घेणारा माणूस नाही. शेतीचा हिशेब आपला, पण त्याच्या कुलपाची किल्ली सातासमुद्रापलीकडील कंपनीच्या हाती, अशी ही स्थिती आहे.

दूरच्या कंपनीवर विसंबण्याचा अनुभव आपल्या भागाला नवा नाही. मोडनिंबच्या स्थानकावरून जाणारा लोहमार्ग मूळचा बार्शी लाइट रेल्वेचा. ही कंपनी 1895 साली इंग्लंडात स्थापन झाली. कुर्डुवाडी ते पंढरपूर हा तिचा फाटा 1906 साली सुरू झाला आणि वारकऱ्यांची व मालाची मोठी सोय झाली, हे नाकारता येणार नाही. परंतु या मार्गाची रुंदी अवघी अडीच फूट होती. त्यामुळे कुर्डुवाडीस माल उतरवून मोठ्या मार्गाच्या डब्यात पुन्हा भरावा लागे. मार्ग कोठे न्यावा, भाडे किती घ्यावे, याचा विचार कंपनीच्या नफ्यातोट्याच्या हिशेबाने होई. 1954 साली सरकारने ही रेल्वे विकत घेतली आणि पुढे या मार्गाची रुंदी वाढून तो देशाच्या सलग लोहमार्गाशी जोडला गेला. यावरून दिसते की एखादी सोय उपयुक्त आहे की नाही हा एक प्रश्न, आणि तिची मालकी व तिचे नियम कोणाच्या हाती आहेत हा दुसरा प्रश्न. पहिल्याचे उत्तर 'होय' आले म्हणून दुसरा विचारायचाच नाही, असे होऊ नये.

आजचा लोहमार्ग डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. आपल्या बहुसंख्य मोबाईलांना चालविणारी ॲन्ड्रॉइड ही प्रणाली गुगल कंपनीची आहे. ॲप आपण घेतो ते प्रायः तिच्याच भांडारातून. गावागावांतील शेतकरी गट ज्यावर चालतात ते व्हॉट्सॲप 2014 साली फेसबुकने विकत घेतले. त्या कंपनीचे आजचे नाव मेटा. शासनाची ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली व आपल्या पिकाची नोंद सातबाऱ्यावर स्वतः करण्याचा अधिकार शेतकऱ्यास मिळाला. ही योजना आपल्या शासनाची खरी; पण ती शेतकऱ्याच्या हातात पोहोचते ती याच खाजगी वाटेने.

ही वाट बंद पडू शकते काय? पडते, आणि पडली आहे. 4 ऑक्टोबर 2021 रोजी रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम जगभर एकाच वेळी बंद पडले व सुमारे सहा तास बंद राहिले. कारण काय, तर देखभालीच्या वेळी दिली गेलेली एक चुकीची आज्ञा. पुढे 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या सदोष दुरुस्तीमुळे मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवर चालणारे सुमारे 85 लाख संगणक ठप्प झाले. आपल्या देशातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्यात आले. ज्यांच्यापाशी कागद व लेखणी होती त्यांचे काम चालले.

हे झाले चुकीने. बुद्ध्याच सेवा थांबविली गेल्याचेही उदाहरण आहे. गुजरातमध्ये वाडीनार येथे नायरा एनर्जी या कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. तिच्यात रशियन कंपनीचा मोठा भाग असल्यामुळे युरोपीय संघाने 18 जुलै 2025 रोजी तिच्यावर निर्बंध घातले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा स्थगित केल्या. पैसे भरलेले होते; भारतातील कोणत्याही कायद्याने बंदी घातलेली नव्हती; तरी आपलाच पत्रव्यवहार पाहणे कारखान्यास अशक्य झाले. दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितल्यावर महिनाअखेर सेवा पूर्ववत झाली. एवढा मोठा कारखाना न्यायालयात जाऊ शकतो. पाच एकरांचा बागायतदार कोठे जाणार?

यावर कोणी म्हणेल की या सेवा फुकट मिळतात, मग तक्रार कशाला? फुकट दिसते त्याचीही किंमत असते. जानेवारी 2021 मध्ये व्हॉट्सॲपने नव्या अटी पुढे केल्या: त्या मान्य कराव्या, नाहीतर सेवा सोडावी. या प्रकरणी भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये मेटा कंपनीस 213.14 कोटी रुपये दंड केला व प्रकरण अपिलात गेले. निकाल काहीही लागो. सर्व गाव एकाच दुकानावर विसंबले म्हणजे दुकानदाराची अट मोडता येत नाही, हे व्यवहारज्ञान आपल्याला बाजाराच्या दिवशी आपोआप सुचते. ते मोबाईलच्या बाबतीतही सुचले पाहिजे.

दुसरा कोणी म्हणेल की सर्व काही सरकारी वा स्वदेशी केले म्हणजे भागले. हेही पुरते खरे नाही. यूपीआय ही पैसे देण्याघेण्याची व्यवस्था आपल्याच देशातील संस्थेने 2016 साली उभी केली. तिचा रूळ सामाईक आहे व त्यावर कोणत्याही बँकेची, कोणत्याही ॲपची गाडी धावू शकते. हे उत्तम उदाहरण होय. तरीही 12 एप्रिल 2025 रोजी तीही काही तास अडखळली. शिवाय तिच्यावरील बहुसंख्य व्यवहार फोनपे व गुगल पे या दोनच ॲपांतून होतात. कोणा एकाचा वाटा 30 टक्क्यांहून अधिक नसावा असा नियम 2020 मध्ये ठरला, पण त्याची मुदत वाढत वाढत 2026 च्या अखेरपर्यंत गेली. यावरून दिसून येते की रूळ सामाईक हवा हे तर खरेच, पण त्याबरोबर दुसरी वाटही मोकळी ठेवली पाहिजे.

आता दोष केवळ कंपन्यांना देऊन चालणार नाही. आम्हा अधिकाऱ्यांचाही त्यात वाटा आहे. वळवाचा पहिला पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे सायंकाळी कडुलिंबावर व बाभळीवर जमतात. त्या वेळी सर्व गावाने मिळून ते गोळा करून नष्ट केले तरच उसाचे रक्षण होते. एका वर्षी या मोहिमेची सूचना प्रस्तुत लेखकाने फक्त व्हॉट्सॲप गटावर टाकली आणि काम झाले असे मानले. ज्या बाईंच्या बांधावर सर्वांत मोठे कडुलिंब होते, त्यांच्यापाशी साधा फोन होता. त्यांना काहीच कळले नाही. हुमणीला गट ठाऊक नसतो; एका झाडावरचे भुंगेरे शेजारच्या दहा शेतांत अंडी घालतात. तो दोष यंत्राचा नव्हता, सोय दिसताच जुनी वाट बुजविणाऱ्या माणसाचा होता.

मग मोबाईल टाकून द्यावा काय? मुळीच नाही. हवामानाचा अंदाज, बाजारभाव, रोगाचे छायाचित्र पाहून मिळणारा सल्ला, या गोष्टींनी शेतकऱ्याचे हित झाले आहे. संकरित बियाणे आले तेव्हा ते आपण स्वीकारले आणि उत्पन्न वाढविले. तथापि शहाण्या गृहिणीने घरच्या ज्वारीचे निवडक कणीस राखेत घालून ठेवणे सोडले नाही. तीच रीत येथे हवी.

त्या दृष्टीने काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. शेतकरी बंधूंनी फवारणी, खते व येणी यांची एक वही घरात ठेवावी व ती पुराच्या पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावी. सातबारा, पीक नोंद व विम्याची पावती यांची छापील प्रत काढावी. महत्त्वाचे दहा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर शाईने लिहावेत. खात्याचा परवलीचा शब्द स्वतः ठरवावा व जपून ठेवावा. पैशासाठी दोन वेगळी ॲपे व आठवड्याच्या खर्चापुरती रोकड जवळ असावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक सूचना चावडीच्या फलकावर लिहावी व गरज तेथे दवंडी द्यावी; गट हा त्याला पूरक असावा, पर्याय नसावा. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी सभासदांची यादी व मालाच्या नोंदी आपल्या मालकीच्या दप्तरात ठेवाव्यात आणि संगणकाचा करार करताना 'आमच्या नोंदी आम्हास केव्हाही, कोणत्याही संगणकात उघडतील अशा स्वरूपात परत मिळतील' हे कलम आधी पाहावे. नाहीतर कुर्डुवाडीस माल उतरवून पुन्हा भरण्याची पाळी येते. आणि आमच्या खात्याने एक नियम पाळावा, असे लेखकाचे नम्र मत आहे: जी सेवा मोबाईलवर मिळते ती मोबाईल नसलेल्यासही कागदावर मिळालीच पाहिजे, कारण पंचनाम्याच्या दिवशीच वीज व मनोरा दोन्ही बंद असतात.

त्या डाळिंब बागायतदारांनी या मृगात नवी वही घातली आहे. पहिल्या पानावर बागेचा गट क्रमांक आहे व दुसऱ्यावर ज्यांच्याकडून येणे आठवले त्यांची नावे. ती अपुरी आहेत, हे तेही जाणतात. आपण आपली वही पूर येण्याआधी घालावी, एवढीच विनंती.