सगळा भार शेवटच्या पावतीवर नको

प्राप्तिकर बंद करा, तो वसूल करणारे आयआरएस हे खातेही बंद करा आणि ग्राहकाच्या खरेदीवर एकदाच कर घ्या. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात १९९९ पासून वारंवार मांडल्या गेलेल्या ‘फेअरटॅक्स’ विधेयकाचे हे सार. विवरणपत्रांचा जाच संपेल, बचत करमुक्त राहील आणि दारिद्र्यरेषेपर्यंतच्या खर्चावरचा कर प्रत्येक कुटुंबाला दरमहा आगाऊ मिळेल, असे समर्थक सांगतात.

हेतू चांगला आहे. मार्ग चुकीचा आहे. आधी दर पाहा. जाहीर केलेले २३ टक्के करासह किमतीवर मोजलेले आहेत. ७७ डॉलरच्या वस्तूवर २३ डॉलर कर, म्हणजे मूळ किमतीच्या जवळजवळ ३० टक्के! घरभाडे आणि डॉक्टरांची फीसुद्धा त्यातून सुटत नाही. एवढा कर फक्त शेवटच्या विक्रीवर घ्यायचा, तर ती एक पावती टळली की सगळाच कर बुडाला. व्यवसायासाठीची खरेदी करमुक्त असल्याने घरची गाडीही धंद्याच्या नावावर दाखवली जाईल. ते रोखायला तपासनीस हवेत, आणि मासिक रकमेसाठी घरोघरची नोंद हवी. खाते जाईल, त्याचे काम मात्र उरेल. राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या करसुधारणा समितीने २००५ मध्ये करचुकवेगिरी आणि मध्यमवर्गावर वाढणारा बोजा तपासूनच किरकोळ विक्रीकर नाकारला.

मग सोपा आणि टिकाऊ कर कोणता? रॉबर्ट हॉल आणि अॅल्विन राबुश्का यांनी १९८० च्या दशकात मांडलेला १९ टक्क्यांचा एकदरी कर. त्यात व्यवसायाने विक्रीतून वेतन, माल आणि यंत्रांचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेवर कर भरायचा, आणि वेतनावर नोकरदाराने. नवी गुंतवणूक लगेच वजा होते, म्हणून बचतीला शिक्षा नाही. वसुली प्रत्येक टप्प्यावर वाटली जाते, म्हणून एकाने चुकवले तरी तिजोरी रिकामी होत नाही. कुटुंबाला ठरावीक वेतनापर्यंत सूट असल्याने दर एकच राहूनही कमी वेतनाच्या घरावर प्रत्यक्ष भार हलका पडतो. त्यासाठी दरमहा कोणाला पैसे वाटावे लागत नाहीत.

‘श्रीमंतांना सवलत मिळेल’ हा आक्षेप दराविषयी आहे, रचनेविषयी नाही. १९ टक्के कमी वाटत असतील तर दर आणि सूट दोन्ही वाढवा. एस्टोनियाने १९९४ मध्ये प्राप्तिकराला २६ टक्क्यांचा एकच दर लावला. दर एक ठेवून राज्य चालवता येते. कर सोपा हवा, पण तो वसूल होणाराही हवा. अमेरिकेने विक्रीकराचा नाद सोडून एकदरी कराचीच बांधणी करावी.