सुट्टी सगळ्यांची, मग आईची कधी?

मे महिना आला की आमच्या गुहागरला पाहुण्यांची वर्दळ वाढते. चिपळूणला रेल्वेतून उतरून सुमारे 45 किलोमीटर वळणं घेत यायचं आणि लगेच व्याडेश्वर, वेळणेश्वर, हेदवी, सगळं एका दिवसात! मुलं रडकुंडीला येतात, बोलणी मात्र आईला.

गेल्या वर्षी भाची चार वर्षांच्या लेकाला घेऊन आली होती. किनाऱ्यावर आम्ही सहा मोठी माणसं. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कोणीतरी बघतंय. वळून बघते तो पोर कमरेएवढ्या पाण्यात! धावत जाऊन उचललं, पण आजही छातीत धस्स होतं.

म्हणून मैत्रिणींनो, सहल ठरवताना आधी माणसं ठरवा. पाण्याजवळ मुलाकडे कोण बघणार, ते नाव घेऊन सांगा. पाळी लावा, त्यात बाबाही हवेतच. भरती-ओहोटीची वेळ गावातल्या माणसाला विचारा. हेदवीच्या बामणघळीजवळ तर मुलाचा हात सोडूच नका. दिवसाला एकच ठिकाण, दुपारी झोप, सोबत घरचा मऊभात. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधीच मिळतं, तेव्हा तारीख वेळेत पक्की करा.

आणि हो, एक संध्याकाळ आईनंही वाळूत नुसतं बसावं. सुट्टी तिचीही असते ना?