टेबलाखालची घरघर

सिडकोतल्या माझ्या एका रेल्वेवेड्या मित्राने या आठवड्यात आपल्या छोट्या रेल्वेच्या टेबलाखाली भलामोठा स्पीकर ठोकला आणि वहिनींच्या मांडणीवरच्या बरण्या थरथरू लागल्या. त्यांची तक्रार रास्त आहे, पण शास्त्र मित्राच्या बाजूने आहे. १:८७ मापाच्या इंजिनात मावतो तो नाण्याएवढा स्पीकर. शिट्टी त्याला जमते, डिझेलची घरघर झेपत नाही. खर्जातला आवाज नेमका कुठून येतो हे कानाला सहसा उमगत नाही, म्हणून तो खालून दिला तरी इंजिनाचाच वाटतो. माझं म्हणणं एवढंच, की नुसतं इंजिन घुमवण्यात मजा नाही. १९००च्या सुमारास निजामाच्या राज्यात मनमाडहून आपल्या मराठवाड्यात मीटरगेज आली, तिचा खरा आवाज रुळांच्या सांध्यांवरचा. आता रूळ जोडून सलग केले, तो ठेका गेला. टेबलाखाली तोच वाजला पाहिजे, आणि तोही हळू. मीटरगेजच्या काळातली एखादी कॅसेट कुणाच्या माळ्यावर पडली असेल, तर कृपया कळवा.