उसना खेळाडू

१२ मे २०१३. लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये लेस्टर सिटीचा बढतीच्या प्ले-ऑफचा उपांत्य सामना. त्या सामन्याचा शेवट फुटबॉलवेड्यांना पाठ आहे. भरपाईच्या वेळेत लेस्टरला पेनल्टी मिळाली. नॉकार्टचा फटका वॉटफर्डचा गोलरक्षक अल्मुनियाने अडवला, परत आलेला चेंडूही अडवला, आणि काही सेकंदांत तोच चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचला आणि वॉटफर्डच्या डीनीने गोल केला. प्रेक्षक मैदानात घुसले. मला मात्र त्या दिवशीचा लेस्टरचा राखीव बाक जास्त महत्त्वाचा वाटतो. सामना सुरू झाला तेव्हा त्या बाकावर जेमी वार्डी बसला होता, आणि टॉटनहॅमकडून उसना आणलेला १९ वर्षांचा हॅरी केनही. इंग्लंडच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमधल्या संघातही पहिल्या अकरांत दोघांना जागा नव्हती.

तीन वर्षांनी, २०१५-१६ च्या हंगामात, केन प्रीमियर लीगमध्ये २५ गोल करून पहिला आला. वार्डीचे २४ गोल झाले आणि लेस्टर चक्क विजेते ठरले.

अशा कहाण्या सांगताना आपण सगळं श्रेय जिद्दीला देऊन मोकळे होतो. केनच्या जिद्दीबद्दल शंका घ्यायचं कारणच नाही. पण जिद्दीची मुलं आपल्याकडेही गल्लोगल्ली आहेत. केनला प्रत्येक नकारानंतर जायला दुसरी जागा होती. त्या जागांबद्दल कोणी फारसं लिहीत नाही, म्हणून आज त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

केनचा जन्म २८ जुलै १९९३ चा, ईशान्य लंडनमधल्या वॉल्थमस्टोचा. तो वाढला शेजारच्या चिंगफर्डमध्ये. तिथला रिजवे रोव्हर्स हा मुलांचा स्थानिक क्लब, डेव्हिड बेकहॅमही लहानपणी तिथेच खेळलेला. आठव्या वर्षी आर्सेनलच्या अकादमीने केनला घेतलं आणि एका हंगामानंतर सोडून दिलं. अकादमीचे तेव्हाचे प्रमुख लियाम ब्रेडी यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलं की तो जरा गुबगुबीत होता, अंगाने चपळ वाटत नव्हता, आणि त्याला सोडणं ही चूक होती.

आता ती जन्मतारीख पुन्हा बघा. इंग्लंडमध्ये शाळेचं आणि फुटबॉलच्या वयोगटांचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं. म्हणजे जुलैअखेर जन्मलेला केन आपल्या गटात जवळजवळ सगळ्यांत लहान. सप्टेंबरमध्ये जन्मलेला मुलगा त्याच्यापेक्षा दहा-अकरा महिन्यांनी मोठा, आणि आठव्या वर्षी दहा महिने म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा. तेवढ्यात उंची वाढते, पाय लांब होतात, धावण्यात फरक पडतो. काठाशी उभ्या प्रशिक्षकाला तो फरक गुणवत्तेसारखा दिसतो. जगभरच्या अकादम्यांमध्ये वयोगटाच्या वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त आणि शेवटी जन्मलेली कमी असतात, हे संशोधकांनी वारंवार दाखवलं आहे. आर्सेनलच्या माणसांना खेळ कळत नव्हता असं कोण म्हणेल? त्यांना त्या दिवशी जे दिसलं त्यावर त्यांनी निर्णय घेतला. पण आठ वर्षांच्या मुलाबद्दल त्या दिवशी दिसतं त्यावर कायमचा निर्णय कुणालाच घेता येत नाही.

बातमी त्याला वडिलांनी सांगितली. केनने स्वतः ही आठवण लिहिली आहे. घराजवळच्या बागेत, खांद्यावर हात टाकून वडील म्हणाले की आर्सेनलने तुला सोडलं आहे. ते रागावले नाहीत, त्यांनी क्लबच्या नावाने खडे फोडले नाहीत. आणखी मेहनत करू, दुसरा क्लब शोधू, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आठ वर्षांच्या मुलाला अशा वेळी जे ऐकायला हवं, ते त्याला ऐकायला मिळालं.

आणि दुसरा क्लब होता, हे महत्त्वाचं. केन आधी रिजवे रोव्हर्सकडे परतला. मग वॉटफर्डने ट्रायलला बोलावलं. वॉटफर्डकडून खेळताना त्याने टॉटनहॅमविरुद्ध चांगला खेळ केला आणि टॉटनहॅमनेच त्याला उचललं. साल २००४, वय ११. पहिल्या चार दर्जांच्या लीगमध्ये मिळून इंग्लंडमध्ये ९२ क्लब आहेत, आणि त्यातले बरेचसे लंडनमध्ये किंवा लंडनच्या वेशीवर. घर न बदलता, शाळा न बदलता, आईवडिलांच्या गाडीतून जाता येईल एवढ्या अंतरात त्या मुलाला दुसरी आणि तिसरी संधी मिळाली.

टॉटनहॅममध्येही तो काही पहिल्या दिवसापासून तळपला नाही. बरीच वर्षं तो मधल्या फळीत खेळायचा. अंगाने उशिरा भरला. सतराव्या वर्षी व्यावसायिक करार झाला आणि त्याची उसनवारी सुरू झाली.

मोठे क्लब आपली तरुण मुलं काही महिन्यांसाठी खालच्या क्लबांना देतात, त्याला तिकडे ‘लोन’ म्हणतात. कागदोपत्री मुलगा मूळ क्लबचाच राहतो. जानेवारी २०११ मध्ये केन लेटन ओरिएंटला गेला. तिसऱ्या दर्जाची लीग, जन्मगावाला खेटून असलेलं मैदान. सामने १८, गोल ५. आकडे साधे आहेत, पण अकादमीतल्या सामन्यांत जे नसतं ते इथे होतं. वीस-तीस वर्षांचे बचावपटू, पाठीत कोपर, चिखलाचं मैदान, आणि सामना हरला तर ज्यांच्या घरखर्चावर परिणाम होईल असे सहकारी. जानेवारी २०१२ मध्ये तो मिलवॉलला गेला. हा क्लब तेव्हा दुसऱ्या दर्जातून खाली घसरण्याच्या बेतात होता. केनने सगळ्या स्पर्धा मिळून ९ गोल केले, मिलवॉल वाचलं, आणि क्लबने त्याला वर्षातला सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरवलं. माझ्या मते आघाडीपटू केन मिलवॉलमध्येच घडला. घसरण टाळण्यासाठी खेळणाऱ्या संघात दडपणाखाली गोल करायला शिकलेला मुलगा पुढे कुठेही डगमगत नाही.

मध्यंतरी, ऑगस्ट २०११ मध्ये, टॉटनहॅमच्या मुख्य संघातून पदार्पण झालं होतं. हार्ट्सविरुद्धच्या त्या युरोपा लीग सामन्यात केनने स्वतःच पेनल्टी मिळवली, स्वतःच मारली, आणि गोलरक्षकाने ती अडवली. मिलवॉलनंतर नॉर्विचला गेला तर पहिल्याच सामन्यात समोर फक्त गोलरक्षक असताना संधी हुकली आणि लगेच पायाचं हाड मोडलं. तिथून लेस्टर आणि तो बाक. दुसऱ्या दर्जाच्या संघात जागा मिळत नसेल तर टॉटनहॅममध्ये काय मिळणार, हा प्रश्न त्या दिवसांत त्याला छळत होता, हे त्यानेच लिहिलं आहे. त्याच सुमारास त्याने ‘अमेरिकन फुटबॉल’ हा वेगळा खेळ खेळणाऱ्या टॉम ब्रेडीवरचा माहितीपट पाहिला. २००० साली खेळाडूंच्या निवडीत १९९ व्या क्रमांकावर घेतला गेलेला हा माणूस पुढे त्या खेळाचा बादशहा झाला. केनने ती गोष्ट मनाशी धरून ठेवली.

आमच्या सोसायटीत नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. संध्याकाळी पार्किंगमध्ये भिंतीवर चेंडू मारत असतो, उजव्या पायाने दहा, मग डाव्या पायाने दहा. गेल्या वर्षी एका अकादमीच्या निवड चाचणीला गेला होता. निवडलेल्यांची यादी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली. त्याचं नाव नव्हतं. त्याच्या आईने मला जिन्यात थांबवून विचारलं, आता याला कुठे घालू? वाढदिवस कधी असतो, मी विचारलं. डिसेंबरमध्ये, ती म्हणाली. फिफाच्या स्पर्धांचे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात आणि आपल्याकडेही जन्मसालावरच गट पडतात, म्हणजे हाही गटात धाकटाच. मी तिला केनच्या जुलैची हकीकत सांगितली. ती लक्ष देऊन ऐकत होती. पण ‘कुठे घालू’ला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. याच गोष्टीची मला चीड येते. मुंबईत कूपरेजचं मैदान आहे, कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांसाठी हजारो माणसं गर्दी करतात, त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. खेळाचं वेड कमी नाही. पण वरच्या पायरीवरून घसरलेल्या मुलाला झेलणाऱ्या खालच्या पायऱ्या फार विरळ आहेत, आणि मुलगा दहावीला पोहोचला की बहुतेक घरांत चेंडू माळ्यावर जातो. एखाद्या अकादमीचं उद्घाटन झालं की आपल्याकडे फोटो छापून येतात. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलांनी पुढे कुठे जायचं, हे उद्घाटनालाच विचारलं गेलं पाहिजे. इंग्लंडमध्येही हा प्रश्न सुटलेला नाही. तिथे सोडून दिलेली कितीतरी मुलं कोलमडतात. क्रिस्टल पॅलेस या क्लबने आपण सोडलेल्या मुलांना पुढची तीन वर्षं आधार देण्याची योजना जाहीर केली. मला ती कुठल्याही महागड्या खरेदीपेक्षा मोठी बातमी वाटली.

केनचं पुढचं बरंचसं सर्वांना ठाऊक आहे. एप्रिल २०१४ मध्ये टॉटनहॅमचे तेव्हाचे प्रशिक्षक टिम शेरवुड यांनी प्रीमियर लीगमध्ये त्याला पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळवलं. सामना संडरलंडविरुद्ध होता आणि केनने गोल केला. पुढच्या हंगामात पॉचेटिनो प्रशिक्षक म्हणून आले आणि केनने सगळ्या स्पर्धांत मिळून ३१ गोल केले. फेब्रुवारी २०१५ मध्ये आर्सेनलविरुद्ध टॉटनहॅम २-१ ने जिंकलं, दोन्ही गोल केनचे. पुढच्याच महिन्यात इंग्लंडकडून पदार्पण, आणि मैदानात उतरून दोन मिनिटंही झाली नव्हती तोच गोल. २०१८ च्या विश्वचषकात ६ गोलांसह सोन्याचा बूट. टॉटनहॅमसाठी २८० गोल, म्हणजे जिमी ग्रीव्हजचा २६६ चा जुना विक्रम मागे. मार्च २०२३ मध्ये नेपल्समध्ये इटलीविरुद्ध ५४ वा गोल करून तो रुनीला ओलांडून इंग्लंडचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. तोही पेनल्टीवर, फ्रान्सविरुद्धच्या विश्वचषक सामन्यात पेनल्टी आकाशात मारल्यानंतर अवघ्या साडेतीन महिन्यांनी.

एवढं सगळं होऊनही हातात एकही करंडक नव्हता. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना हरला, लीग कपचे दोन हरला, युरो स्पर्धेचे दोन हरला. २०२३ मध्ये बायर्न म्युनिकला गेला, पहिल्याच हंगामात बुंडेसलीगात ३६ गोल केले, आणि सलग ११ वर्षं लीग जिंकणारं बायर्न नेमकं त्याच वर्षी रिकाम्या हाताने राहिलं. शेवटी मे २०२५ मध्ये विजेतेपद आलं. ते निश्चित झालं तेव्हाही केन मैदानात नव्हता. पिवळ्या कार्डांमुळे लाइपझिगविरुद्ध बंदी होती, तो सामना अखेरच्या क्षणी बरोबरीत सुटला, आणि दुसऱ्या दिवशी लेव्हरकुसेनने गुण गमावल्यावर बायर्न घरबसल्या विजेते झाले. केन ३१ वर्षांचा होता. आठवड्याभराने आपल्या मैदानावर तो गोल करून करंडक उंचावताना दिसला तेव्हा मला खरोखर भरून आलं.

मात्र या माणसाची माझी सगळ्यांत आवडती गोष्ट २०२० ची आहे. कोविडने मैदानं बंद पडली, प्रेक्षकांच्या तिकिटांवर जगणारे छोटे क्लब अडचणीत आले. केनने लेटन ओरिएंटच्या जर्सीवरची जाहिरातीची जागा विकत घेतली आणि तिथे स्वतःचं नाव टाकलं नाही. घरच्या जर्सीवर कोविडशी लढणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आभाराचा संदेश, बाहेरच्या सामन्यांच्या जर्सीवर मुलांच्या एका शुश्रूषागृहाचं नाव, आणि तिसरीवर मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेचं. ओरिएंट तेव्हा चौथ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळत होतं. तिथे तो सतराव्या वर्षी जेमतेम काही महिने होता.