दुखण्याआधी झोपेचं विचारा

कर्जत-खालापुरात अंगभर ठणका घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या झिजवणाऱ्या बाईला दोन ठरलेली उत्तरं मिळतात. रिपोर्ट नॉर्मल आले की ‘मनाचे खेळ आहेत’. झोप लागत नाही म्हणाली, तर ‘दुखणं थांबलं की लागेल’.

पहिलं उत्तर साफ चूक आहे. फायब्रोमायल्जिया या अंगभर दुखण्याच्या आजारात सांधे सुजत नाहीत, एक्स-रेत काही दिसत नाही. बिघाड असतो तो मज्जासंस्था वेदना कशी हाताळते त्यात. रक्त तपासायचं ते थायरॉइड, अ‍ॅनिमियासारखी कारणं वगळायला, बाईला खोटं पाडायला नव्हे.

दुसरं उत्तर अर्धंच खरं आहे. दुखण्यानं झोप मोडते, हे मान्य. पण झोपमोडीनंही दुखणं येतं. १९७५ साली टोरांटोत संशोधक हार्वे मोल्डोफ्स्की यांनी मोजक्या धडधाकट माणसांची गाढ झोप आवाज करून मोडली. काही रात्रींतच त्यांचं अंग दुखू लागलं. नॉर्वेत सुमारे दहा वर्षांच्या पाहणीत, आधी अंगदुखी नसलेल्या पण झोपेची तक्रार असलेल्या बायकांत हा आजार पुढे जास्त आढळला.

कुणी म्हणेल, ‘ती तर सात तास झोपते!’ प्रश्न नुसत्या तासांचा नाही, गाढपणाचाही आहे. ‘मग रात्रपाळीचे सगळेच का दुखणाईत नाहीत?’ हा आक्षेप रास्त आहे. झोप हे एकमेव कारण नाही; आनुवंशिकता आणि ताणही आहेत. पण आनुवंशिकता बदलता येत नाही, झोप सुधारता येते.

खोपोलीच्या कारखान्यांतल्या पाळ्या आणि मुंबईची पहाटेची लोकल इथल्या घरांचं घड्याळ ठरवतात. जाणाऱ्याच्या आधी डबा करणारी उठते आणि सगळ्यांच्या नंतर आडवी होते. तिच्या झोपेची नोंद कोणत्याच केसपेपरवर नसते.

ती व्हायला हवी. अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या या आजारासाठीच्या २०१० च्या निकषांत ‘उठल्यावर ताजंतवानं न वाटणं’ हे लक्षण धरलं आहे. घोरताना श्वास अडकत असेल, तर त्याची तपासणी हवी. झोपेची गोळी हा सरसकट उपाय नाही. युरोपीय तज्ज्ञांच्या या आजाराच्या उपचारांबाबतच्या २०१६ च्या शिफारशींत सर्वांत ठाम शिफारस एकच होती, व्यायामाची. बेतानं सुरू करून हळूहळू वाढवलेलं चालणंही त्यात आलं.

तेव्हा डॉक्टरांनी ‘कुठे दुखतं?’च्या जोडीला ‘सकाळी उठल्यावर कसं वाटतं?’ हेही विचारावं. आणि घरच्यांनी डब्याचं काम वाटून घ्यावं. तिची झोप ही चैन नाही, उपचाराचा भाग आहे.