रद्द करायचंय? आधी हिशेब मागा

बनशंकरीतले आमचे शेजारी, निवृत्त सुभेदार साहेब. एजंटाकडून अंदमानची सहल ठरवली. नंतर मुलाने तीच विमानं, तीच हॉटेलं स्वतः पाहिली, तर भाव बराच कमी! रद्द करायला गेले तेव्हा एजंट म्हणाला, "अर्धे पैसे कापणार, नियम आहे." साहेब गप्प. पलटणीत आयुष्य गेलेला माणूस 'नियम' ऐकला की सावधानमध्ये उभा राहतो.

महाग विकणं हा गुन्हा नाही, हे मान्य. पण एजंटाने पावतीमागे छापलं म्हणजे कायदा झाला नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, झालेल्या नुकसानीशी अजिबात न जुळणारा दंड लादणारा करार अन्याय्य ठरू शकतो. म्हणून रद्द करताना हिशेब लेखी मागावा: विमान कंपनीने किती कापले, हॉटेलने किती. एजंटाचं वाजवी कमिशन जरूर द्यावं, उरलेलं परत घ्यावं. टाळाटाळ झाली तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. शिवाय एजंट कुठलाही असो, आपण राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. 1986 च्या कायद्यात ही सोय नव्हती. सतत बदलीवर असणाऱ्या आपल्या लोकांना ती फार मोलाची आहे.

आणि सेवेत असलेल्यांनो, आपल्या रजेचा काय भरवसा? पैसे भरण्याआधीच विचारा, कोणत्या तारखेपर्यंत रद्द केलं तर किती परत मिळतील.