चाळीस माणसांचे देऊळ

‘मूळचे तुम्ही कुठले?’ हा प्रश्न सोलापुरात कोणी वाकड्या अर्थाने विचारीत नाही. शुक्रवार पेठेतून निघून पूर्व भागात पोहोचेपर्यंत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, गुजराती अशा पाच भाषा कानांवर पडतात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी येथे माग टाकले आणि मार्कंडेयाचे मंदिर उभारले. वालचंद हिराचंद यांचे गुजराती जैन घराणे काठेवाडातून फलटणमार्गे येथे आले. वालचंदांचा जन्म १८८२ सालचा, सोलापुरातलाच. बाहेरून आलेला माणूस आधी पोटाची सोय पाहतो, मग छपराची आणि थोडा स्थिरावला की देवाची. हे आपल्याला नवे नाही. पण पुढे कधी तो समाजच गाव सोडून गेला, तर मागे राहिलेल्या देवाचे काय होते?

या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईच्या फोर्ट भागात उभे आहे. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडावी, सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून हुतात्मा चौकाकडे चालू लागावे. तेथून जवळच नगीनदास मास्टर मार्ग आहे. त्याचे जुने नाव मेडोज स्ट्रीट. वकिलांच्या कचेऱ्या आणि खाद्यपदार्थांच्या गाड्या यांच्या गर्दीत तेथे एक चर्च आहे, सेंट पीटर आर्मेनियन चर्च. स्थापना १७९६ सालची. शेजारच्या इमारतीचे नाव ‘अरारत’. नोहाची नौका जेथे टेकली असे मानतात, तो हा पर्वत. आर्मेनियन माणसाला तो देवासारखा. आज तो तुर्कस्तानच्या हद्दीत आहे आणि आर्मेनियातून नुसता दिसतो. मुंबईतल्या एका इमारतीला ते नाव का दिले असेल, हे वेगळे सांगायला नको.

ही मंडळी हिंदुस्थानात आली कशी? १६०४-०५ च्या सुमारास इराणच्या शाह अब्बासने जुल्फा हे आर्मेनियन व्यापाऱ्यांचे नांदते गाव उठवले आणि तेथल्या लोकांना आपल्या राजधानीजवळ, इस्फहानला नेऊन वसवले. त्या वस्तीचे नाव पडले नवे जुल्फा. उखडलेल्या या लोकांनी इराणच्या रेशमाच्या जोरावर अ‍ॅमस्टरडॅमपासून मनिलापर्यंत पेढ्या पसरवल्या. भांडवल शेठचे आणि पाय गुमास्त्याचे, असा व्यवहार. वर्षानुवर्षे परमुलखात फिरणाऱ्या गुमास्त्यावर विश्वास ठेवायचा, तर त्याचे नाव-गाव जाणणारी चार माणसे हवीत. चर्चमध्ये ती भेटत. म्हणून चर्च म्हणजे त्यांचे देऊळही होते आणि पतही.

ईस्ट इंडिया कंपनीला हे नेमके उमगले होते. १६८८ साली कंपनीने आर्मेनियन व्यापाऱ्यांशी करार केला. आपल्या कोणत्याही ठाण्यात चाळीस आर्मेनियन वस्तीला आले, तर कंपनी त्यांना चर्चसाठी जागा देईल, लाकडी चर्च स्वखर्चाने बांधून देईल आणि धर्मगुरूला सात वर्षे दरसाल पन्नास पौंड देईल, असे त्यात ठरले. कंपनी धर्मादायासाठी निघाली नव्हती. व्यापारी टिकवायचा तर त्याचा देव आधी टिकवावा लागतो, हा रोकडा हिशेब होता. चाळीस माणसे! आपल्याकडे एका वाड्यात तेवढी नांदत असत.

अशाच मूठभर माणसांनी कलकत्त्यात १७२४ साली चर्च बांधले. त्या शहरातले ते सर्वांत जुने समजले जाते. मद्रासला तर त्यांच्या एका धर्मगुरूने १७९४ साली ‘अझदारार’ हे मासिक काढले. आर्मेनियन भाषेतले जगातले पहिले नियतकालिक निघाले ते मद्रासेत. परमुलखात भाषा जास्त जपावीशी वाटते, हे पिढ्यान्‌पिढ्या घरात तेलुगू बोलणाऱ्या सोलापूरकराला कोणी समजावून सांगायला नको.

पुढे व्यापाराच्या वाटा बदलल्या. आर्मेनियन कुटुंबे पांगली, आणि आज मुंबईत तो समाज जवळजवळ उरलेला नाही. तरी मेडोज स्ट्रीटवरच्या त्या चर्चला गंजलेले कुलूप लागले नाही. केरळातून मुंबईत आलेल्या सीरियन ख्रिस्ती मंडळींना प्रार्थनेसाठी जागा हवी होती आणि या वास्तूला माणसे हवी होती. एका स्थलांतरिताचा दिवा दुसऱ्याने तेवत ठेवला. आजची इमारतही जुनी नाही. विसाव्या शतकात ती नव्याने बांधली गेली. नाव, साल आणि पत्ता मात्र कोणी पुसला नाही.

माझ्या मते खरा धडा येथे आहे. वास्तू जुन्या दगडांवर जेवढी जगते, त्याहून अधिक ती वापरावर आणि आठवणीवर जगते. वापर थांबला की ती पडीक होते. आठवण पुसली की ती अनाथ होते. सोलापूरला हे अनुभवाने ठाऊक आहे. १८७७ ची जुनी मिल बंद पडली, लक्ष्मी-विष्णूही गेली, भोंगे थांबले. पण नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ आजही निघतो. ज्या धंद्यासाठी माणसे आली तो डळमळला, तरी त्यांनी बांधलेले देऊळ गाव सांभाळून राहिले.

म्हणून काळजी वाटते ती वापराची नाही, आठवणीची. पेठांपेठांतून जीर्णोद्धाराची हौस वाढली आहे. हौस चांगलीच, पण गुळगुळीत ग्रॅनाइटखाली जुना शिलालेख जातो, तैलरंगाखाली देणगीदाराचे नाव जाते आणि मोडीतल्या, गुजरातीतल्या कीर्दखतावण्या रद्दीवाल्याकडे जातात. गाभाऱ्याला सोन्याचा मुलामा देणारा भाविक मिळतो. त्या वह्या वाचून ठेवणारा मिळत नाही.

याला फार पैसा लागत नाही. कुदळ लावण्याआधी प्रत्येक अक्षराचे छायाचित्र घ्यावे. जुन्या वह्या ग्रंथालयात द्याव्यात. आजी-आजोबा कोणत्या गावाहून, कोणत्या साली, कशासाठी आले, एवढे नातवंडांनी रविवारी बसून लिहून काढावे. आणि पुढच्या मुंबईवारीत, सगळी खरेदी आटोपल्यावर, मुलांना घेऊन मेडोज स्ट्रीटवर जरूर जावे. दार उघडे असेल, तर परवानगी घेऊन आत पाच मिनिटे शांत बसावे. चाळीस माणसांच्या भरवशावर मांडलेला देव ती माणसे गेल्यावरही कसा नांदतो, हे मुलांनी पाहिलेले बरे. आपणही कुठून तरी आलेलेच आहोत.